बायांचं दार

या सदरातले अनुभव मी आजवर वाचत आलो ते मुख्यतः चुका काढण्यासाठी. कोणी लिहितं, खोली एकदम थंड पडली... मी मनात विचारतो, किती अंशांनी, आणि कशाने मोजलं? माझा धंदाच तसा आहे. मी एका बांधकाम सल्लागाराकडे एस्टिमेटर आहे. इमारत मोजायची, किती ब्रास दगड, किती गोणी सिमेंट, किती मजूर, हे कागदावर मांडायचं. त्यात आम्ही ख्रिस्ती. भूत, करणी, अंगात येणं यातलं काही आमच्या घरात कधी बोललं गेलं नाही, आणि बाहेर कोणी बोललं तर मी हसून विषय बदलत आलो. तेव्हा "याचा आधीपासूनच विश्वास असणार" असं कृपया समजू नका. तसा असता तर मला बरंच सोपं गेलं असतं.

आधी जागा नीट सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

नाशिकच्या जुन्या भागात आमचं चर्च आहे. नाव लिहीत नाही, कारण आमच्या पंचकमिटीने, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीने, तशी विनंती केली आहे. इंग्रजांच्या काळातलं बांधकाम. काळा दगड, चुन्यात बांधलेला. वेदी पूर्वेला, मोठं दार पश्चिमेला, दारावर पोर्च आणि छोटासा घंटेचा मनोरा. आतून लांबी एकाहत्तर फूट, रुंदी अठ्ठावीस. भिंती दोन फूट नऊ इंच जाड. वर सागवानी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे लाकडी त्रिकोणी सांगाडे, आणि मंगलोरी कौलं. हे आकडे मी स्वतः टेप लावून घेतलेले आहेत, कारण कमिटीने दुरुस्तीचा नकाशा आणि एस्टिमेट माझ्याकडेच दिलं होतं.

बांधलं तेव्हा या चर्चला तीन दारं होती. पश्चिमेचं लग्नाला आणि अंत्यविधीला. दक्षिणेचं बाप्यांचं. उत्तरेचं बायांचं. आत बसायचंही तसंच, उत्तरेच्या बाकांवर बाया, दक्षिणेच्या बाकांवर बापे; नवरा-बायको एका बाकावर बसत नसत. उत्तरेच्या दारासमोर मोठं पटांगण होतं आणि ते काही फक्त चर्चचं नव्हतं, गावाचं होतं. शनिवारी तिथे भाजीबाजार बसे. रविवारी त्याच जागेत खेड्यांवरून आलेल्या बैलगाड्या सुटत. ज्यांच्याकडे गाडी नसे त्या बाया आदल्या दिवशी चालत निघत, सकाळी पटांगणातल्या झाडाखाली फडकी सोडून भाकर खात, मग हातपाय धुऊन आत जात. माझी आजी, आईची आई, त्यांतलीच. सायखेड्याची. आई लहानपणी तिच्याबरोबर यायची.

पुढे रस्ता रुंद झाला आणि पटांगणाचा तो भाग गेला. आता उत्तरेची भिंत आणि कंपाउंडची जाळी यांत आठ फुटांची पट्टी उरली आहे; पलीकडे फुटपाथ आणि रिक्षा. बायांचं दार मंडळीने बुजवून टाकलं. तेही अर्धवट नाही, दगडात, चुन्यात, पूर्ण जाडीचं. बाहेरून टोकदार कमान दिसते आणि तिच्या खाली घडीव दगडाची एक पायरी, कुठेच न जाणारी. पश्चिमेकडचं पटांगण तेवढं शाबूत आहे.

आता आईबद्दल. आई ऐंशीच्या पुढची. स्मरणशक्ती गेलेली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा मी त्यांना विचारलं होतं की किती टक्के गेली. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. सुरुवातीला ती वस्तू विसरायची, मग रस्ते, मग माणसं. त्या रविवारी, ज्याबद्दल मी लिहितोय, तिने मला नावाने हाक मारून दीड वर्ष होऊन गेलं होतं. मला ती "अहो" म्हणायची. "अहो, जरा पाणी द्या." कोणी परक्या घरच्या भल्या माणसाला म्हणावं तसं. शिवाय तिला साखरेचा आजार, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. इंजेक्शन दिल्यावर तिने वेळेत खाल्लंच पाहिजे. नाही खाल्लं तर साखर उतरत जाते, माणूस आधी बरळतो, मग झोपल्यासारखा होतो, मग उठत नाही. हे मला पाठ होतं.

तो हार्वेस्टचा रविवार होता. या सणाला लोक शेतातलं, परसातलं पहिलं फळ देवापुढे आणतात, आणि उपासनेनंतर त्याचा पटांगणात लिलाव होतो. भोपळे, कांद्यांची माळ, पेरू, कोंबड्या. माइकवर एकच गोंधळ असतो. चर्च पावसाळ्यापासून बंद होतं, एका कैचीचं टोक कुजलं होतं आणि खाली बसणं धोक्याचं होतं. मोठ्या दाराला कुलूप, किल्ल्या दोनच, एक राखणदार दानियलकडे आणि एक माझ्याकडे. दक्षिणेच्या दाराला आतून कडी आणि त्याला लागून बाक रचलेले. उपासना पटांगणात मांडवाखाली चालायची.

सकाळी आईला इंजेक्शन दिलं. तिने उपमा तोंडात घेतला आणि थुंकला. सुनंदा, माझी बायको, म्हणाली की उपासना संपली की लगेच चहा आणि पुलाव आहे, मी भरवीन. उपासना संपल्यावर ती पुलाव आणायला मांडवामागे गेली. मला म्हणाली, "तेवढं आईंकडे बघा."

तेवढ्यात तरुण संघाची मुलं आली. पाळकसाहेबांनीच, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनीच, पाठवली होती. सर, आम्हाला चर्चचा इतिहास सांगा ना. मी आईला धरून उत्तरेच्या बाजूला नेलं, सावली होती म्हणून. बायांच्या दाराच्या पायरीवर बसवलं, आणि तिथेच उभा राहून सांगू लागलो. हे दार चार फूट रुंद, साडेसात फूट उंच, कमानीचा मधला दगड बघा कसा तासलाय, इथून आपल्या आज्या-पणज्या आत जायच्या. एका मुलीने विचारलं, बायकांना मागच्या दाराने का? मी म्हटलं, हे मागचं नव्हतंच, तेव्हा पटांगण इकडे होतं, हेच पुढचं. मुलं हसली. आई कमानीकडे मान वर करून बघत होती. मग आम्ही पूर्वेच्या कोपऱ्यापर्यंत गेलो, मला त्यांना वेदीमागची गोल भिंत दाखवायची होती. कोपरा वळून मी फार तर दोन वाक्यं बोललो असेन. मागे येऊन बघतो तर पायरीवर आई नाही.

पायरीसमोर तिच्या चपला होत्या. जोडीने नीट ठेवलेल्या.

सुरुवातीला घाबरलो नाही. सुनंदाने नेलं असेल. सुनंदा पुलावाची ताटली घेऊन समोरून आली, आणि तिच्याबरोबर आई नव्हती.

पहिली धावपळ कोणीही करील तशी केली. मांडव, हॉल, पाळकसाहेबांचं घर, संडास. लिलाव थांबवून माइकवर सांगितलं. मंडळीतली माणसं चारी बाजूंना पांगली. जो तो हेच विचारत होता, अनवाणी म्हातारी बघितली का, पांढरी साडी, निळे काठ, पायात काही नाही. कारण चपला तिथे होत्या. आम्ही सगळे धरूनच चाललो होतो की ती अनवाणी कुठेतरी चालत गेली.

जाळीला टेकून फुटपाथवर ताराबाई बसते. मखमलाबादकडची, स्वतःच्या मळ्यातली शेवंती आणि झेंडू विकते. तिने बघितलं होतं. म्हणाली, "आजी उठल्या ना पायरीवरून. चारपाच बाया आल्या होत्या. लुगड्यातल्या, डोईवर पदर. त्यांच्यासंगं गेल्या."

"कुठं गेल्या?"

"मंग मला गिऱ्हाईक आलं, दादा."

लुगड्यातल्या चारपाच बाया. नाशिकमध्ये याचा अर्थ एकच. खेड्यातून गंगेवर आलेल्या. गोदावरीला आम्ही सगळेच गंगा म्हणतो. मला वाटलं, आईला तो घोळका बघून आपल्या आईच्या बरोबरीच्या बाया आठवल्या असतील आणि ती त्यांच्यामागे निघाली असेल. हिशोब बरोबर जुळत होता. मी मोटरसायकल काढली आणि गंगेवर गेलो.

रविवारची गर्दी तुम्हाला माहीत असेल. रामकुंडापासून खाली नदीकाठच्या भाजीबाजारापर्यंत मी पळत होतो आणि लुगडं दिसलं की पुढे होऊन तोंड बघत होतो. एका बाईने मला ढकललं. "काय रे मुडद्या, बायांची तोंडं काय बघतो?" मी तिला आईचा फोटो दाखवला. तिचा आवाज लगेच उतरला, तिने बरोबरच्या सगळ्या जणींना तो दाखवला. कोणी पाहिली नव्हती. मी पाण्याकडे बघत होतो आणि बघायचं नाही असंही ठरवत होतो. सुनंदाचे फोन येत होते, तिकडेही नाही. बसस्टँडवर नाही. सिव्हिल हॉस्पिटलात नाही. पोलीस चौकीत आमच्या मंडळीतले दोघे नोंद करून आले.

दुपार कलत होती. इंजेक्शन दिल्यापासून तिच्या पोटात काही नव्हतं. मी गंगेच्या घाटावर एका पायरीवर बसलो आणि डोक्यात गणित करत होतो. सकाळची साखर किती, औषध किती, आता किती असेल... प्रत्येक वेळी उत्तर असं यायचं की मी पुन्हा पहिल्यापासून मांडायचो. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की मला आकडे कळत नसते तर बरं झालं असतं. मी प्रार्थना केली. तीही नीट जमली नाही. नुसतं "खायला दे तिला, कोणीतरी तिला खायला दे" एवढंच म्हणत राहिलो.

परत आलो तेव्हा रफिकभाई मला शोधत होते. चर्चच्या गेटासमोर त्यांचं गाद्या भरायचं दुकान आहे, दुकानावर कॅमेरा आहे आणि तो नेमका आमच्या गेटाकडे बघतो. चर्चला गेट एकच. रफिकभाईंनी दुकान बंद करून सगळं रेकॉर्डिंग बघून ठेवलं होतं.

"विनोदभाई, मैंने दो बार देखा. अम्मा बाहेर आलीच नाय. आणि ते फूलवाली बोलते ना, लुगडेवाली औरतें... वो भी नहीं. ना आत गेल्या, ना बाहेर आल्या."

मी स्वतः बघितलं. आमची मंडळी येताना दिसत होती, जाताना दिसत होती, मी मोटरसायकलवर बाहेर पडताना दिसत होतो. आई नाही. लुगड्यातली एकही बाई नाही. आणि जाळी साडेपाच फुटांची, आईला घरातला उंबरा ओलांडायला हात द्यावा लागतो.

म्हणजे ती आवारातच होती. मग जे केलं ते लिहायला नको वाटतं. हॉलमागे जमिनीतली पाण्याची टाकी आहे. तिचं झाकण लोखंडी, पण ते अर्धवट सरकलेलं होतं. दानियल आणि मी पालथे पडून आत टॉर्च मारत होतो. एक बांबू घेऊन मी तळापर्यंत ढवळलं. सुनंदा मागे उभी होती. पाणी गढूळ झालं आणि काही दिसेना, तेव्हा मी तिथेच डोकं टेकलं. टाकीत काही नव्हतं. पण तेवढा वेळ मी माझ्या आईला बांबूने शोधत होतो.

सुनंदा तिथून निघून गेली. थोड्या वेळाने तिने मला हाक मारली. उत्तरेच्या बाजूला होती, बायांच्या दारासमोर. चपला तशाच होत्या. शोधताना सगळ्यांनी बघितल्या होत्या, पण कोणी हलवल्या नव्हत्या.

सुनंदा कळवणची. तिचं माहेरचं चर्च म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि शेणाने सारवलेली जमीन.

ती म्हणाली, "अहो, आमच्याकडे बायका अजून चपला दाराबाहेर काढतात. इथे तुम्ही सगळे बूट घालून आत जाता म्हणून तुमच्या लक्षात येत नाही. पण आईंच्या वेळेला इथे काय होतं?"

मी म्हटलं, काढत असतील.

"मग बाहेर जाणारी बाई चपला काढेल का? आई आत गेल्यात."

मी तिला सांगितलं की ही भिंत आहे. दोन फूट नऊ इंच. मी मोजलीय. मोठ्या दाराला कुलूप आहे, किल्ली माझ्या खिशात आहे, आणि सकाळपासून ती खिशातच आहे.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "तुम्ही कुलूप उघडा."

मी वाद घातला. हे मला सांगितलंच पाहिजे; आई कुठे आहे ते माहीत नसताना, एकेक मिनिट जात असताना, मी तिथे उभा राहून वाद घातला, कारण बंद दाराच्या आत शोधण्यात वेळ घालवणं माझ्या हिशोबात बसत नव्हतं. सुनंदाने माझ्या शर्टाच्या खिशात हात घातला, किल्ली काढली आणि चालू लागली.

कुलूप गंजाने धरलं होतं, दोघांनी जोर लावल्यावर फिरलं. आत शिरताना मी पहिली गोष्ट बघितली ती जमीन. सवयीने. कौलं काढलेल्या जागेतून उजेड येत होता आणि फरशीवर चुन्याची, कबुतरांच्या पिसांची, महिनोन् महिन्यांची धूळ होती, पिठासारखी. दारापासून पुढे एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. आमची दोघांची पहिली.

आई उत्तरेच्या बाजूला बसली होती. वेदीपासून तिसऱ्या बाकावर, अगदी भिंतीकडच्या टोकाला. डोक्यावरून पदर घेतलेला, हात मांडीवर. अनवाणी. मला वाटलं, गेली. इतकी स्थिर होती.

मी जवळ गेलो, तिने मान वळवली आणि म्हणाली, "विनू. केवढा घामेघूम झालाय. जेवलास का?"

मी तिच्या पायाशी बसलो. तिने माझ्या केसांतून हात फिरवला आणि सुनंदाला म्हणाली, "सुनंदा, याला आधी वाढ गं. उपाशी राहिला की हा असाच करतो, लहानपणापासून."

सुनंदाने पर्समधून यंत्र काढून तिच्या बोटाला सुई लावली. मी डोळे मिटून घेतले. एकशे अडतीस. आम्ही दुसऱ्या बोटाला लावली. एकशे एकेचाळीस. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना हा आकडा काय आहे हे सांगायला नको. पोटात व्यवस्थित जेवण गेलेल्या माणसाची साखर होती ती.

"आई, काय खाल्लं?"

"भाकर. बायांनी दिली. फडक्यात होती, मऊ होती अजून."

"कोणत्या बायांनी?"

"सायखेड्याच्या. आपल्या नव्हे का." मी वेड्यासारखं विचारतोय असा तिचा चेहरा होता.

"कुठे आहेत त्या?"

"गेल्या आता. त्यांना चालत जायचंय ना."

तिच्या पदरावर बाजरीच्या भाकरीचा चुरा होता. सणाच्या जेवणात पुलाव, रस्सा आणि बुंदी होती. भाकरी नव्हती. मी आचाऱ्याला विचारलं, घराघरांतून डबे आणणाऱ्यांना विचारलं. बाजरी कोणीच आणली नव्हती.

मी उठून बाकापासून भिंतीपर्यंत बघितलं. बुजवलेल्या दारापासून बाकापर्यंत धुळीत अनवाणी पावलं होती, भिंतीकडून आत येणारी. एकाच माणसाची. उजवा पाय जरा फरफटलेला, आईचा फरफटतो तसा. ताराबाईने चारपाच बाया बघितल्या होत्या. आत पावलं एकाच बाईची. भिंतीजवळचं पहिलं पाऊल अर्धं होतं. टाच नव्हती, नुसती बोटं आणि चवडा. टाच जिथे हवी होती तिथे भिंत होती. हे मी आणि सुनंदाने बघितलं. फोटो काढायचं सुचलं नाही, आणि थोड्याच वेळात निम्मी मंडळी आत येऊन गेली. तेव्हा या पावलांचा पुरावा माझ्याकडे नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

आत होतो तोवर ती माझी आई होती. तिने माझ्या मुलीच्या कॉलेजचं विचारलं. बाबांचा चष्मा कुठे ठेवलास, विचारलं. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. मग म्हणाली, नाही रे, ते गेले, मला ठाऊक आहे. मला तिथून हलायचं नव्हतं. पण वर कुजलेली कैची होती, सुनंदा घाई करत होती, बोलावलेले डॉक्टर बाहेर येऊन थांबले होते. दानियलने खुर्ची आणली आणि आम्ही तिला उचलून पश्चिमेच्या दारातून पोर्चमध्ये आणलं. उन्हाने तिने डोळे बारीक केले. माझ्याकडे बघितलं. मग सुनंदाकडे वळून हळूच विचारलं, "हे कोण?"

डॉक्टर म्हणाले, काहीतरी खाल्लं असणार, नाहीतर हे शक्य नाही. आत कशा गेल्या, हा त्यांचा विषय नव्हता.

तो माझा विषय. पुढचे कितीतरी दिवस मी दुसरं काही केलं नाही. दानियलने दार उघडं ठेवलं असेल आणि मग न बघता लावलं असेल, तर दारातल्या धुळीत पाऊल हवं होतं. शिवाय कुलूप कसं फिरलं ते मी अनुभवलं होतं. दक्षिणेचं दार तपासलं, कडी आतून, बाकांवर धूळ तशीच. खिडक्यांना गज. कमिटीची परवानगी काढून, ओळखीच्या गवंड्याला बरोबर घेऊन, बुजवलेल्या दाराचा गिलावा आतून आणि बाहेरून काढला. दगडाला दगड. चुना इतका मुरलेला की छिन्नी उडत होती. मधोमध ड्रिलने भोक पाडलं आणि सळई घातली. पोकळी नाही. दोन फूट नऊ इंच, भरीव.

ताराबाईला पुन्हा विचारलं की त्या बाया आल्या कुठून. तिने बराच विचार केला. म्हणाली, "भिताडाकडून आल्या, दादा. मला वाटलं, तिकडं दार असंल."

पाळकसाहेबांना मी सगळं सांगितलं, पावलांसकट. शेवटी म्हणाले, "विनोदराव, मी याला चमत्कार म्हणणार नाही आणि दुसरंही काही म्हणणार नाही. आई परत मिळाली, तेवढं घ्या."

तेच तर मला घेता येत नाही. मिळाली होती. त्या तिसऱ्या बाकावर, थोडा वेळ, पूर्ण मिळाली होती, आणि मी तिला उचलून बाहेर आणलं. कैची बदलल्यावर मी तिला मोठ्या दारातून आत नेलं, त्याच बाकावर बसवलं, शेजारी बसलो. एकदा नाही, बऱ्याचदा. ती शांत बसते आणि मला "अहो" म्हणते. आता ती जेवतही फार कमी. डॉक्टरांनी तयारी ठेवा म्हटलं आहे.

म्हणून हल्ली मी तिला उत्तरेच्या बाजूला नेतो. उपासना चालू असते, आतून गाण्याचा आवाज येतो आणि आम्ही दोघं बाहेर पायरीवर बसतो. पन्नाशी ओलांडलेला, एस्टिमेट करणारा माणूस एका भरीव भिंतीला पाठ लावून वाट बघत बसतो. हसायचं तर हसा. मला कोणी दिसलेलं नाही, काही ऐकू आलेलं नाही. स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही, आणि खरं सांगायचं तर मला आता ते नकोच आहे. मला एकदा, एकदाच, तिच्याबरोबर आत जायचं आहे.

गेल्या रविवारी तसेच बसलो होतो. आईने चपला काढून बाजूला ठेवल्या, पदर डोक्यावर घेतला आणि उठू लागली. मीही उठलो आणि तिचा हात घट्ट धरला. तिने हात सोडवून घेतला. रागाने नाही, अगदी अदबीने, अनोळखी माणसाला वाट सांगावी तसं म्हणाली,

"अहो, इकडून बाया जातात. तुमचं दार तिकडं आहे."

ती कमानीकडे तोंड करून उभी राहिली. त्या दिवशी मुलांबरोबर गेलो होतो त्याच कोपऱ्यापर्यंत मी मागे सरकलो आणि तिथे उभा राहिलो, तिच्याकडे न बघता.